विशेष कारवायांची परिभाषा

गुरांच्या बाजारात एखाद्या खोंडाचा सौदा ठरताना पाहण्याचा योग ज्यांस आला असेल, त्यांस दलालांचे उपरण्याखालचे हात आठवतील. दोघांचे हात वस्त्राने झाकलेले असतात, एकाची बोटे दुसऱ्याच्या बोटांवर दाबली जातात, आकडा इकडून तिकडे जातो, आणि भोवती उभ्या असलेल्या दहा-वीस मंडळींस किमतीचा थांग लागत नाही. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द आपल्या भाषेत जुने आहेत. चारचौघांसमक्ष बोलावे आणि ज्याला कळावयाचे त्यालाच कळावे, ही गरज मनुष्याला फार पूर्वीपासून भासत आली आहे. बाजारात आकडा फुटला तर चार पैसे जातात. आज ज्या भाषेसंबंधी लिहावयाचे आहे तीत शब्द फुटला तर माणसे जातात.

ही भाषा म्हणजे सैन्यातील 'विशेष कारवाया' करणाऱ्या छोट्या पथकांची भाषा. विशेष कारवाई म्हणजे काय, याची व्याख्या करू गेल्यास पुष्कळ पाने खर्ची पडतील. मूठभर निवडक माणसे शत्रूच्या मुलखात खोल शिरतात, एकच नेमके काम करतात आणि परत येतात, किंवा येत नाहीत. आणि पुष्कळदा त्यांना पाठविणारे सरकार 'आम्ही पाठविलेच नव्हते' असे म्हणावयास मोकळे राहते. इतके ध्यानात ठेवले तरी आमच्या कामापुरते भागेल. आम्ही काही लष्करी पेशाचे नव्हे. परंतु एस.ए.एस., सील, डेल्टा, मार्कोस, एन.एस.जी. ही अक्षरे वर्तमानपत्रांतून रोज डोळ्यांखालून जातात, आणि ती वाचताना आपल्याला काही कळले असा जो भास होतो तो कितपत खरा, हे पाहावे असे आम्हांस वाटले.

लघुरूपे वेळ वाचविण्याकरिता असतात, हा सामान्य समज आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. बिनतारी यंत्रावर बोलणाऱ्याची मुख्य अडचण वेळेची नसून ऐकण्यातील चुकीची असते. म्हणून तेथे प्रत्येक अक्षराला एक संपूर्ण शब्द दिलेला असतो: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. ही माला १९५६ साली रूढ झाली. तीपूर्वीच्या मालेत 'आर' या अक्षराला 'रॉजर' म्हणत, आणि 'आर' म्हणजे 'रिसीव्ह्ड', निरोप पोचला. पुढे आरचा 'रोमिओ' झाला, तरी पोचपावतीचा 'रॉजर' तसाच राहिला. नाणे मोडीत निघाले तरी 'सोळा आणे' राहतात, त्यातलाच हा प्रकार!

ऐकू आले नाही तर 'पुन्हा सांगा' या अर्थी 'से अगेन' म्हणावयाचे. 'रिपीट' म्हणावयाचे नाही. का? तर तोफखान्याच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे मघाच्याच जागी पुन्हा मारा करा. कल्पना करा, लक्ष्यापासून दूर नसलेला एखादा जवान निरोप नीट ऐकू आला नाही म्हणून सहज तो शब्द उच्चारतो! 'डेंजर क्लोज' हाही असाच. तोफांचा मारा आपल्याच माणसांपासून सहाशे मीटरांच्या आत व्हावयाचा असेल तर हे दोन शब्द उच्चारावे लागतात. ऐकणाऱ्याला त्यांतून कळते की, आता हिशेबात बोटभर चूक झाली तरी मरतील ते आपलेच. अशा शब्दांना कोणी दुर्बोध म्हणून हसू नये. ते रक्त सांडल्यानंतर घडलेले शब्द आहेत.

'डी-डे' या शब्दाविषयी मात्र लोकांची उगाच निराशा होते. 'डी' म्हणजे काही तरी भव्य असावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात 'डी' म्हणजे नुसता 'डे', दिवस. हल्ल्याची तारीख ठरलेली नसते, किंवा ठरली असली तरी सांगावयाची नसते. म्हणून योजनेत 'दि' दिवसाच्या तीन दिवस आधी अमुक, दोन दिवसांनंतर तमुक, असे लिहितात. १९१८ च्या सप्टेंबरातील अमेरिकन सैन्याच्या एका आदेशातही हा प्रयोग आढळतो. १९४४ च्या नॉर्मंडीने तो जगाला पाठ करून दिला, एवढेच.

आता खुद्द पथकांच्या नावांकडे वळू. 'कमांडो' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की, मंत्र्यांच्या मोटारीमागे धावणाऱ्या रक्षकालाही आपण कमांडो म्हणतो. हा शब्द इंग्रजांचा नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाचे शेतकरी, म्हणजे बोअर लोक, संकट आले की जिल्ह्याजिल्ह्यातून आपले घोडे आणि बंदुका घेऊन जमत. त्या जमावाला ते 'कमांडो' म्हणत. १८९९ ते १९०२ या काळात अशा टोळ्यांनी बलाढ्य ब्रिटिश फौजेला जेरीस आणले. पुढे १९४० च्या जूनमध्ये डंकर्कहून ब्रिटिश फौज हात हलवीत परतली, तेव्हा सरसेनापती सर जॉन डिल यांच्या कचेरीतील डडली क्लार्क नावाच्या अधिकाऱ्याने छोट्या छापामार पथकांची योजना मांडली. क्लार्कचा जन्म जोहान्सबर्गचा. बोअरांच्या गोष्टी त्याच्या ओळखीच्या होत्या. त्याने पथकांना नाव सुचविले ते त्या जुन्या शत्रूचेच. स्वतः बोअरांच्या हाती सापडून निसटलेल्या चर्चिलसाहेबांस ती योजना पसंत पडली, यात नवल ते काय?

शत्रूकडून नाव घेण्याची ही रीत आपल्याला परकी वाटू नये. 'गनिमी कावा' हा शब्द आपण अभिमानाने उच्चारतो. पण 'गनीम' म्हणजे शत्रू, आणि मोगल लेखक मराठ्यांस गनीम म्हणत. त्यांनी शिवी म्हणून दिलेले नाव आपण बिरुद म्हणून मिरवीत आहोत.

मात्र कमांडो या शब्दाची पुढे जी किंमत द्यावी लागली ती भयंकर होती. १८ ऑक्टोबर १९४२ रोजी हिटलरने गुप्त आज्ञा काढली की, असल्या छाप्यांत सापडलेली माणसे गणवेशात असोत, शरण आलेली असोत, त्यांना जिवंत ठेवू नये. त्याच डिसेंबरात दहा ब्रिटिश नौसैनिक पाच लहान होड्यांतून बोर्दोच्या बंदरातील जहाजांना सुरुंग लावावयास निघाले. दोघे परत आले. दोघे थंडीने व पाण्याने गेले. उरलेल्या सहांना पकडून गोळ्या घालण्यात आल्या. युद्धकैदी हा शब्द लागला असता तर ते वाचले असते. कमांडो हा शब्द लागला म्हणून मेले. युद्ध संपल्यावर अँटोन डोस्टलर या जर्मन सेनापतीवर, गणवेशातील पंधरा अमेरिकन सैनिकांना या आज्ञेप्रमाणे ठार केल्याबद्दल, खटला चालला. वरून हुकूम होता, हा त्याचा बचाव मान्य झाला नाही आणि १ डिसेंबर १९४५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. कोणाला कोणत्या नावाने हाक मारावयाची, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नसतो तो असा.

याच क्लार्कने दुसऱ्या एका नावालाही जन्म दिला, आणि ती हकीकत आम्हांस फार रंजक वाटते. १९४० च्या अखेरीस त्याची नेमणूक कैरोला झाली. काम शत्रूची फसवणूक करण्याचे. हाती लागलेल्या एका इटालियन अधिकाऱ्याच्या रोजनिशीवरून त्याला कळले की, आकाशातून छत्रीधारी सैनिक उतरतील ही धास्ती इटालियनांस वाटते आहे. त्या वेळी त्या भागात ब्रिटिशांचा छत्रीधारी सैनिक औषधालाही नव्हता! क्लार्कने तो कागदावर निर्माण केला. नाव दिले 'फर्स्ट स्पेशल एअर सर्व्हिस ब्रिगेड'. छत्रीधाऱ्यांचा गणवेश घातलेले दोन शिपाई गावातून फिरविले, खोटी छायाचित्रे छापविली, लाकूड-कापडाची खोटी विमाने मांडली. ब्रिगेड म्हणजे काही हजारांची फौज. येथे प्रत्यक्षात होते ते नाव तेवढे.

पुढे १९४१ च्या उन्हाळ्यात डेव्हिड स्टर्लिंग या तरुण अधिकाऱ्याला, वाळवंटात शत्रूच्या पिछाडीला उतरून त्याची विमाने उडविण्याकरिता, साठ-पासष्ट माणसांची तुकडी उभारण्याची परवानगी मिळाली. क्लार्कला आपल्या खोट्या फौजेकरिता काही खरी माणसे हवीच होती. त्याने मदत देऊ केली, पण तुकडीने आपले नाव धारण करावे अशा अटीवर. म्हणून तिचे नाव पडले 'एल डिटॅचमेंट, स्पेशल एअर सर्व्हिस ब्रिगेड'. 'एल'च का? ऐकणाऱ्याने समजावे की, ए, बी, सी करीत के पर्यंतच्या तुकड्या कोठे तरी आहेतच.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात पहिली मोहीम निघाली. वादळ उठले असताना पंचावन्न जणांनी विमानांतून उड्या टाकल्या, परतले वीस-बावीस. त्यांना परत आणले ते मोटारींनी वाळवंट तुडविणाऱ्या दुसऱ्या एका टेहळणी पथकाने. यावरून स्टर्लिंगने धडा घेतला आणि पुढचे छापे बहुतेक मोटारींतून व जीपगाड्यांतून घातले. म्हणजे ब्रिगेड नव्हती, आणि 'एअर'शी संबंधही नावापुरताच उरला. तीन शब्दांपैकी खरा काय तो 'स्पेशल' हाच! तरी नाव टिकले. आणि त्याच नावाच्या ब्रिटिश पथकाकडे आज सारे जग आदर्श म्हणून पाहते.

ही युक्ती पुढे इतरांनीही उचलली. अमेरिकन आरमाराने १९६२ च्या जानेवारीत 'सील' पथके उभारली. सी, एअर आणि लँड, अर्थात समुद्र, आकाश व भूमी, यांची अक्षरे जुळवून 'सील' हा समुद्रातील प्राण्याचा शब्द साधला आहे. १९८० साली रिचर्ड मार्सिन्को याने नवे पथक काढले तेव्हा अशी दोनच पथके होती. पण नव्याला क्रमांक दिला सहा. मधली तीन कोठे आहेत, याचा शोध रशियनांनी करावा! 'डेल्टा' हे नावही क्रमातूनच आले आहे. अमेरिकन स्थलसेनेच्या विशेष दलात ए, बी, सी अशा तऱ्हेच्या तुकड्या होत्याच (ए म्हणजे बारा माणसांची). १९७७ साली चार्ल्स बेकविथने, ब्रिटिश एस.ए.एस. मध्ये काढलेले दिवस स्मरून, नवी तुकडी उभी केली ती डी.

फसविण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि आमच्या मते तो अधिक धूर्त आहे. नाव इतके नीरस ठेवावयाचे की, वाचणाऱ्याला जांभई यावी. १९६४ साली व्हिएतनाममध्ये अमेरिकनांनी एक दल काढले. त्याचे काम शेजारच्या लाओसमध्ये व उत्तर व्हिएतनाममध्ये चोरून माणसे घुसविण्याचे. नाव काय? 'अध्ययन आणि निरीक्षण गट'! एखाद्या विद्यापीठातील विभाग वाटावा. सहा क्रमांकाच्या सील पथकाचेही १९८७ साली नामांतर झाले, आणि नव्या नावातील ठळक शब्द आहे 'विकास गट'.

ही सोंगे दूरच्या देशांतच घडली असे मात्र नव्हे. एक सोंग आपल्या अगदी दाराशी, मार्मागोव्याच्या बंदरात घडले. ब्रिटनमध्ये १९४० साली घातपाताच्या कामासाठी एस.ओ.ई. नावाची संस्था निघाली होती. ती 'आंतरसेना संशोधन केंद्र' अशा अर्थाची पाटी लावून वावरे. हिंदुस्थानातील तिची शाखा 'इंडिया मिशन' म्हणवी, आणि १९४४ पासून 'फोर्स १३६'. १९४३ साली गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती व पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता. म्हणून तीन जर्मन व एक इटालियन व्यापारी जहाज तेथे आश्रयाला होते. त्यांतील 'एरेनफेल्स' या जहाजावरील बिनतारी यंत्रातून दोस्तांच्या बोटींचा ठावठिकाणा जर्मन पाणबुड्यांना कळविला जातो, असा ब्रिटिशांचा समज होता. तटस्थ बंदरात सैन्य धाडता येईना. तेव्हा माणसे निवडली ती 'कलकत्ता लाइट हॉर्स' मधील! हे नावाचे घोडदळ; प्रत्यक्षात कलकत्त्याच्या व्यापारी पेढ्यांतील प्रौढ इंग्रज गृहस्थ रविवारी घोड्यावर बसत, एवढीच त्याची रणविद्या. गाळ वाहणारी 'फिबी' नावाची एक बोट घेऊन ते दक्षिणेला वळसा घालून आले आणि मार्चच्या ९ तारखेच्या पहाटे त्यांनी एरेनफेल्सवर चढाई केली. जहाजाचा कप्तान मारला गेला. खलाशांनी जहाज स्वतःच बुडविले, आणि बाकीच्या तीन जहाजांनीही तीच वाट धरली. कारवाईचे नाव 'क्रीक', म्हणजे खाडी. भाग घेणाऱ्यांना ना पदक, ना बोलण्याची मुभा. १९७८ साली जेम्स लीसर यांचे पुस्तक निघेपर्यंत लोकांस याचा पत्ता नव्हता. घोडदळ बोटीने गेले, वायुसेवा जीपगाडीने; नावावरून अर्थ काढणाऱ्याने जरा जपून असावे हे बरे.

एका अक्षराची गोष्ट तेवढी सांगावीशी वाटते. अमेरिकन लघुरूपांत 'जे' हे अक्षर वारंवार दिसते. 'जे' म्हणजे 'जॉइंट', संयुक्त. ते इतके जागोजागी का? २४ एप्रिल १९८० च्या रात्री तेहरानमधील अमेरिकन ओलिसांना सोडविण्यास एक मोहीम निघाली. हेलिकॉप्टरे आरमाराची, वैमानिक बहुतेक मरीन दलाचे, मोठी विमाने हवाई दलाची, आणि उतरावयाची माणसे स्थलसेनेची. या सर्वांनी एकत्र असा पुरता सराव कधी केलाच नव्हता. आठ हेलिकॉप्टरे निघाली. धुळीच्या लोटांतून सहा पोचली. त्यांतले एक नादुरुस्त ठरले. कमीत कमी सहा हवीत असा हिशेब होता, म्हणून मोहीम सोडून देण्याचे ठरले. आणि परत निघताना एक हेलिकॉप्टर इंधन वाहून आणलेल्या विमानावर आदळले. आठ माणसे जळून मेली. त्याच वर्षी चारही दलांच्या निवडक पथकांवर एक संयुक्त अधिकारी बसविण्यात आला, आणि १९८७ साली सर्व विशेष दलांचे वेगळे सेनापतिपद निर्माण झाले. त्या 'जे' मागे ही आठ माणसे आहेत.

आता ज्या शब्दांबद्दल आमच्या मनात अढी आहे त्यांविषयी बोलू. हे शब्द वैद्याच्या पेटीतून उचललेले असतात. २९ सप्टेंबर २०१६ रोजी भारतीय सेनेने नियंत्रणरेषेपलीकडील कारवाई जाहीर केली तेव्हा 'सर्जिकल स्ट्राइक' हा शब्द घरोघर पोचला. काही मराठी वृत्तपत्रांनी 'लक्ष्यभेदी' असा प्रतिशब्द योजला. तो चांगला आहे, कारण त्यात धनुर्धर आहे, शल्यवैद्य नाही. शस्त्रक्रिया रोग्याच्या भल्यासाठी असते. हल्ला शत्रूच्या भल्यासाठी नसतो. नेमका हल्ला करणे आवश्यक असू शकते, योग्यही असू शकते. पण त्याला औषधाचा वास लावण्याचे कारण काय? (पुढे तर नगरपालिकेने हातगाड्या उचलल्या तरी सर्जिकल स्ट्राइक होऊ लागला, तो भाग निराळा.) 'न्यूट्रलाइज' हाही तसाच. आम्लात अल्क घालावे तसा माणूस उदासीन केला जातो!

आपली वृत्तपत्रे मात्र दुसऱ्या टोकाला जातात. तेथे अतिरेक्यांना 'कंठस्नान' घालतात, 'यमसदनी' धाडतात. इंग्रजी शब्द मरणाला थंड करतो, मराठी शब्द त्याला नाटकी पोशाख चढवितो. जुने बखरकार आपल्याकडील माणसे पडली म्हणजे 'कामास आले' इतकेच लिहीत. २ मे २०११ रोजी अबोटाबादेतून ओसामा बिन लादेनच्या मृत्यूची वार्ता आली ती 'जेरोनिमो, ई.के.आय.ए.' अशा शब्दांत. चार अक्षरांचा अर्थ, शत्रू लढाईत ठार. आपला माणूस असता तर पहिले 'ई' गळले असते. जेरोनिमो हा अपाची लोकांचा लढवय्या. १८८६ साली तो शरण आला आणि १९०९ साली कैदेतच वारला. ते नाव बिन लादेनचे की त्या घटनेचे, यावर पुढे खल झाला. परंतु आपल्या वीराचे नाव या कामी वापरल्याबद्दल तेथील मूळच्या रहिवाशांना जो विषाद वाटला तो तेवढ्याने जाण्यासारखा नव्हता.

मौनाचे महत्त्व किती, हे मुंबईला २००८ च्या नोव्हेंबरात कळले. ताजमध्ये प्रथम शिरले ते आरमाराचे मार्कोस, नंतर आले दिल्लीकडचे एन.एस.जी. चे जवान. २८ तारखेला नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून घसरत जवान उतरले. आपल्या सैन्यात या क्रियेला 'स्लिदरिंग' म्हणतात. ते दृश्य घरोघर थेट दिसत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालच्या निकालपत्रात या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. कारण आपण जे पाहत होतो तेच सीमेपलीकडे बसलेले सूत्रधारही पाहत होते. कारवाईचे सांकेतिक नाव 'ब्लॅक टोर्नेडो' होते, हे आज अनेकांस ठाऊक आहे. पण चित्र उघडे असताना नाव झाकून काय उपयोग?

उलट बाजूही आहे. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर भारताने तिबेटी निर्वासितांचे एक गुप्त दल उभारले. त्याला 'एस्टॅब्लिशमेंट २२' म्हणत. कारण त्याचे पहिले प्रमुख सुजनसिंग उबान हे पूर्वी २२ व्या माउंटन रेजिमेंटचे अधिपती होते. बाहेरच्याला हे नाव एखाद्या गोदामाचे वाटावे. १९७१ साली या दलाने चितगावच्या डोंगराळ भागात लढाई केली, आणि त्यात पन्नासाहून अधिक माणसे पडली. नाव गुप्त, म्हणून लढाई गुप्त. लढाई गुप्त, म्हणून मरणही गुप्त. सैन्यातील इतरांना मिळणारा उघड मानसन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही.

त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०२० च्या ऑगस्टअखेरीस, पँगाँग सरोवराच्या बाजूला सुरुंगाच्या स्फोटात याच दलाचा एक तिबेटी अधिकारी मरण पावला. सप्टेंबरात लेह येथे त्याची अंत्ययात्रा निघाली ती दिवसाढवळ्या. पेटीवर भारताचा आणि तिबेटचा असे दोन्ही ध्वज होते, रस्त्याच्या दोहों बाजूंस लोक उभे होते, आणि त्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आले.